सेन्सर बदलण्याआधी मीटर लावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जुन्या गाड्यांना ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल मानवते का, पीयूसीत गाडी नापास झाली तर करायचे काय, यावर सध्या बरेच लिहिले-बोलले जाते. या सगळ्यात एक सुटा भाग फुकट बदनाम होतो. तो म्हणजे एक्झॉस्टच्या पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर. ॲव्हरेज पडले, सायलेन्सर काळे ओकू लागला, चेक लाइट लागला किंवा पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त आला, की ‘सेन्सर गेलाय’ हे उत्तर ठरलेले. काही हजारांचा नवा सेन्सर बसतो आणि पंधरा दिवसांत गाडी तीच तक्रार घेऊन परत दारात उभी राहते. सेन्सर चांगला की वाईट हे साध्या डिजिटल मल्टिमीटरवर अर्ध्या-पाऊण तासात कळते. ते कसे पाहायचे, आणि मीटरवर आलेल्या आकड्याचा अर्थ कसा लावायचा, यासाठी हे पत्र.

उदाहरणाला आपल्याकडच्या दोन व्हॅन घेऊ. १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आलेली आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलेली ओम्नी, ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची. आणि २०१० साली आलेली ईको, तिचे पहिले इंजिन ११९६ सीसीचे, चार सिलिंडरचे. दोन्हींत इंजिन पुढच्या सीटखाली. भाजीवाल्यापासून शाळेच्या मुलांपर्यंत सगळ्यांना वाहणाऱ्या या गाड्या अजून हजारोंनी रस्त्यावर आहेत. ओम्नी कार्ब्युरेटरची असेल तर हे पत्र तिच्यासाठी नाही. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी, असेल तरच पुढचे सगळे लागू.

सेन्सर काय करतो ते आधी थोडक्यात. त्याच्या टोकाशी झिर्कोनियाची छोटी टोपी असते. तिच्या बाहेरून जळलेला वायू जातो, आत बाहेरची स्वच्छ हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितका व्होल्टेज. मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, तर ०.८ ते ०.९ व्होल्ट. लीन, म्हणजे हवा जास्त, तर ०.१ ते ०.२. नेमक्या मिश्रणाच्या आसपास, ०.४५ व्होल्टपाशी, तो एकदम उडी मारतो. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ही उडी बघून पेट्रोल थोडे कमी करतो, मग सेन्सर लीन सांगतो, मग थोडे वाढवतो, असा झोका चालूच राहतो. धडधाकट गाडीत सेन्सरचा आकडा कधीच एका जागी उभा राहत नाही. मात्र ही टोपी साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय बोलतच नाही. म्हणून तर तिच्यात हीटर घालतात.

यातली एक गोष्ट गॅरेजमध्ये फार जणांच्या लक्षात नसते. आतली ती स्वच्छ हवा बहुतेक सेन्सरांत वायरच्या इन्सुलेशनमधल्या बारीक फटींतूनच आत जाते. म्हणून सेन्सरच्या कपलरमध्ये (वायरींच्या जोडात) ग्रीस भरणे, स्प्रे मारणे, वायर तोडून सोल्डर करून वर टेप गुंडाळणे, यातून चांगला सेन्सरही हळूहळू गुदमरतो आणि त्याचा आकडा खाली सरकतो. जोड द्यायचाच तर क्रिंपचा, म्हणजे दाबून बसवलेला, द्यावा. टेस्टिंगसाठी वायरला सुई टोचून भोकही पाडू नये. कपलरच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने बारीक टाचणी सरकवावी आणि मीटरचा प्रोब तिला लावावा.

सेन्सरला काय दिसते हेही नीट समजून घ्यायला हवे. त्याला फक्त ऑक्सिजन दिसतो, पेट्रोल दिसत नाही. सगळा घोटाळा इथे होतो. ओम्नीला सिलिंडर तीनच. एक प्लग मिस मारू लागला, म्हणजे ठिणगी चुकवू लागला, की सेन्सरसमोरून जाणाऱ्या वायूचा तिसरा हिस्सा न जळलेली हवा आणि न जळलेले पेट्रोल. सेन्सर म्हणतो, ‘लीन’. ईसीएम बिचारा तिन्ही सिलिंडरना पेट्रोल वाढवतो. चांगले दोन सिलिंडर रिच होतात, सायलेन्सर काळा पडतो, ॲव्हरेज जाते, आणि मीटरवर सेन्सर मात्र ०.१ दाखवत बसतो. सायलेन्सर काळा आणि सेन्सर लीन म्हणतो, म्हणजे सेन्सरच खोटा, असे वाटणे अगदी साहजिक आहे. पण तो खोटे बोलत नसतो.

दुसरे तसेच कारण म्हणजे मॅनिफोल्डचे (सिलिंडरांतला जळलेला वायू गोळा करणाऱ्या पाइपाचे) गॅस्केट फुटणे किंवा मॅनिफोल्डला बारीक तडा जाणे. वायू बाहेर पडतो हे सगळ्यांना माहीत असते. पण एक्झॉस्टमध्ये धक्क्याधक्क्याने दाब वर-खाली होतो आणि मधल्या क्षणी त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. फट सेन्सरच्या आधी असेल तर ती हवा सेन्सरला दिसते, आणि पुन्हा तेच: लीनचा इशारा, जास्त पेट्रोल. म्हणून मीटर हातात घेण्याआधी लीक बघा. इंजिन थंड असताना स्टार्ट करून जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचे तोंड क्षणभर दाबले की जिथे लीक असेल तिथून फस-फस आवाज येतो. गॅस्केटच्या कडेला काजळीची रेघ दिसली तर शंका राहत नाही. या व्हॅनमध्ये इंजिन सीटखाली असल्याने असा लीक नुसता पेट्रोल खात नाही, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड सरळ केबिनमध्ये सोडतो. गाडीत बसून डोके दुखते, मळमळते, मुले सुस्त होतात, अशी तक्रार असेल तर सेन्सर-बिन्सर बाजूला ठेवून आधी मॅनिफोल्ड आणि इंजिनच्या झाकणाची रबरे बघावीत.

आता प्रत्यक्ष तपासणी. जागा मोकळी हवी, शेडची दारे उघडी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. सीट उचलल्यावर गरम मॅनिफोल्ड हाताशीच येतो, तेव्हा लांब बाह्या आणि हातमोजे. मीटर डिजिटल आणि १० मेगाओहम इनपुटचा हवा. बाजारातले बहुतेक बरे डिजिटल मीटर असेच असतात. जुन्या काट्याच्या मीटरने हा सिग्नल मोजू नये, तो मीटरच सिग्नल खाऊन टाकतो. आणि सिग्नलच्या वायरवर ओहमची रेंज कधीच लावू नये. त्या रेंजवर मीटर स्वतःचा करंट सेन्सरमध्ये सोडतो.

सेन्सरच्या वायरी मोजा. एकच वायर असेल तर हीटर नाही आणि अर्थ (अर्थिंग) सायलेन्सरच्या पाइपातून. तीन असतील तर दोन हीटरच्या, एक सिग्नलची. चार असतील तर सिग्नलची वेगळी अर्थ आहे. सेन्सरच्या बाजूला बॉश आणि एनटीकेच्या चार वायरींत दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, राखाडी अर्थची. डेन्सोत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थची. म्हणजे एकीत काळी म्हणजे सिग्नल, दुसरीत काळी म्हणजे हीटर. रंगावर डोळे झाकून विसंबू नका. गाडीच्या वायरिंगच्या बाजूला तर रंग आणखी वेगळेच असतात.

पहिले हीटर. इंजिन थंड असताना कपलर सोडवा आणि सेन्सरच्या बाजूला हीटरच्या दोन वायरींत ओहम मोजा. मेकप्रमाणे आकडा साधारण ३ ते १५ ओहमच्या दरम्यान कुठेही असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटला, सेन्सर बदलावाच लागेल, पुढची झटापट नको. इंजिन गरम असताना मोजले तर आकडा वाढलेला येतो, त्यावरून निष्कर्ष काढू नये. मग वायरिंगच्या बाजूला, स्विच ऑन करून, दोनपैकी एका वायरवर बॅटरीइतके व्होल्टेज येते का बघा. नाही आले तर फ्यूज आणि रिले तपासा. ओम्नीत सीटखाली वायरिंगची माळ कुठेतरी मॅनिफोल्डला टेकून वितळलेली असते, तिकडेही नजर टाका. दुसऱ्या वायरला अर्थ ईसीएम देतो, तोही बऱ्याचदा तुकड्या-तुकड्यांत, म्हणून तिथे मीटरचा आकडा डुलत असेल तर घाबरू नका. हीटर मेलेला सेन्सर रस्त्यावर पळताना ठीक चालतो आणि चौकातल्या सिग्नलला पाच मिनिटे उभे राहिले की थंड पडून गप्प होतो. शहरात ॲव्हरेज वाईट, हायवेला चांगले, अशी तक्रार आली तर आधी इकडे बघावे.

दुसरी तपासणी सेन्सरच्या सिग्नलची. कपलर परत जोडा. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, म्हणजे रेडिएटरचा पंखा एकदा तरी फिरला पाहिजे. नंतर दोन मिनिटे २५०० आरपीएमवर धरा म्हणजे सेन्सरही तापेल. मीटर डीसी २ व्होल्टच्या रेंजवर, काळा प्रोब सेन्सरच्या अर्थला किंवा नसेल तर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब टाचणीतून सिग्नलला. आता २००० ते २५०० आरपीएमवर स्थिर धरून आकडे बघा. चांगल्या गाडीत ते असे पळतात: ०.१४, ०.७९, ०.३१, ०.८४, ०.१८, ०.७२. दहा सेकंदांत ०.४५ ची रेघ आठ किंवा अधिक वेळा ओलांडली गेली, वरचा आकडा ०.८ च्या पुढे आणि खालचा ०.२ च्या आत गेला, तर सेन्सर ठणठणीत आहे. मीटर सेकंदाला दोन-तीनच आकडे दाखवतो, त्यामुळे थोडा अंदाज करावा लागतो. मिन-मॅक्सचे बटण असेल तर काम सोपे. छोटा ऑसिलोस्कोप असेल तर फारच उत्तम, कारण रिचवरून लीनवर यायला सेन्सर किती वेळ घेतो ते त्यावरच दिसते. चांगला सेन्सर ही उडी ०.१ सेकंदाच्या आत मारतो. ३०० मिलिसेकंद लागत असतील तर तो जिवंत आहे पण आळशी झाला आहे. असा आळशी सेन्सर मल्टिमीटरवर पास होतो आणि गाडी तरीही पेट्रोल पिते. मीटरची मर्यादा आहे ती.

स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) मोजून सेन्सर खराब ठरवण्याची चूक फार होते. स्लोला एक्झॉस्टचा वेग कमी, सेन्सर थंडावतो, आणि झोका संथ होतो. बिनहीटरचा एकवायरी सेन्सर तर स्लोला थांबूही शकतो.

खरी कसोटी तिसऱ्या टप्प्यावर. आकडा एका जागी अडकलेला असेल तर सेन्सरला दोन्ही टोकांना ढकलून बघायचे. ०.१ वर अडकला असेल तर मिश्रण मुद्दाम रिच करा: एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपात कार्ब-क्लीनरचा अगदी छोटा फवारा. छोटाच, तो ज्वालाग्राही आहे आणि खाली मॅनिफोल्ड लालसर तापलेला असतो, थेंब त्यावर पडता कामा नये. क्षणात आकडा ०.८ च्या पुढे गेला तर सेन्सर निर्दोष. इंजिन खरोखरच लीन आहे, किंवा मिस मारते आहे, किंवा एक्झॉस्ट लीक आहे. ०.९ वर अडकला असेल तर इनटेकची एखादी बारीक व्हॅक्यूम नळी काढून हवा आत सोडा. ब्रेक बूस्टरची मोठी नळी नको, इंजिन बंद पडते. आकडा ०.२ च्या खाली उतरला तर सेन्सर पुन्हा निर्दोष, आणि पेट्रोल कुठून जास्त येते ते शोधायचे: ठिबकणारा इंजेक्टर, फाटलेला डायफ्रॅम असलेला प्रेशर रेग्युलेटर, चुकीचा आकडा देणारा कूलंटचा सेन्सर, नाहीतर आतून पेट्रोल मिसळलेले इंजिन ऑइल. ऑइलची पट्टी काढून वास घेतला तरी शेवटचे कारण सापडते. दोन्हीकडे ढकलूनही आकडा हलला नाही, तेव्हाच सेन्सर मेला असे म्हणावे.

०.४५ च्या आसपास खिळलेला आकडा वेगळा. अनेक ईसीएम सिग्नलच्या वायरवर स्वतःचे एवढेच व्होल्टेज ठेवतात. म्हणजे सेन्सर काहीच बोलत नाही: तो थंड आहे, त्याची वायर तुटली आहे किंवा आतली टोपी फुटली आहे. गाडीचा पाइप दगडाला आपटल्यावर किंवा सेन्सर हातातून फरशीवर पडल्यावर हे घडते. आत चिनीमातीचा जीव असतो, तडा बाहेरून दिसत नाही.

आता एक गोष्ट थोडी सविस्तर, कारण आपल्याकडे तिच्यामुळे सर्वांत जास्त सेन्सर वाया जातात. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा वॉल, काढून फेकण्याची सवय. ‘वॉल काढून टाका, गाडी थंड राहील’ हा सल्ला कार्ब्युरेटरच्या काळात फारसा अंगाशी येत नसे. एमपीएफआयमध्ये कूलंट ठरावीक तापमानाला पोचेपर्यंत ईसीएम सेन्सरचे ऐकतच नाही. ठरवून दिलेल्या जास्तीच्या पेट्रोलवर इंजिन चालवतो, जसा आपण पूर्वी चोक ओढायचो. थर्मोस्टॅट नसलेली व्हॅन डिसेंबरच्या पहाटे नाशिक किंवा महाबळेश्वरच्या बाजूला निघाली तर घाट संपेपर्यंतही पुरेशी गरम होत नाही. सगळा वेळ रिच. सेन्सरच्या टोकावर काजळीचा थर बसतो, तो मंद होतो, मग चेक लाइट लागतो, मग सेन्सर बदलतात. नव्यावर तोच थर चढायला किती वेळ लागणार? थर्मोस्टॅट बसवा, कूलंट योग्य प्रमाणात भरा आणि गाडी तापायचे खरे कारण, गाळाने भरलेला रेडिएटर किंवा न फिरणारा पंखा, ते दुरुस्त करा. काजळीने मंदावलेला सेन्सर पुष्कळदा मिश्रण सुधारल्यावर हायवेला तासभर पळवल्यानंतर आपोआप साफ होतो. तो काढून पेट्रोलमध्ये बुडवणे, ॲसिडने धुणे किंवा गॅस-कटिंगच्या ज्योतीत लाल करणे, यातले काहीही करू नये.

सेन्सर बाहेर काढलाच तर त्याचे टोक पुष्कळ काही सांगते. मऊ काळी काजळी म्हणजे रिच मिश्रण. चकचकीत तपकिरी-काळा थर म्हणजे रिंगा किंवा वॉल्व्हसील गळून ऑइल जळते आहे. पांढुरका, काचेसारखा थर दिसला तर सिलिकॉन: चेंबर किंवा टॅपेट कव्हरला चुकीचे सिलिकॉन लावल्याने, किंवा हेड गॅस्केटमधून कूलंट जळत असल्याने. हा थर निघत नाही, सेन्सर बाद. पॅकिंगचे सिलिकॉन घेताना ट्यूबवर सेन्सरसाठी सुरक्षित असे लिहिलेले असेल तरच घ्यावे, आणि लावले तरी मुगाएवढी रेघ पुरे. बाहेर ओघळेपर्यंत चोपडायची गरज नसते. शिशाचे पेट्रोल आपल्या देशात २००० सालीच बंद झाले, त्यामुळे शिशाने सेन्सर गेला ही सबब आता कोणी देऊ नये. रॉकेलच्या भेसळीचे तसे म्हणता येत नाही.

सीएनजी किंवा एलपीजीचे किट बसवलेल्या व्हॅनमध्ये आणखी एक मेख आहे. बाहेरून बसवलेल्या अनेक किटमध्ये एम्युलेटर असतो. गाडी गॅसवर असताना तो सेन्सरची खरी वायर अडवून ईसीएमला बनावट झोका दाखवतो, म्हणजे चेक लाइट लागू नये. तुमचा मीटर एम्युलेटरनंतरच्या वायरीला लागला असेल तर सेन्सर मेलेला असला तरी आकडे सुरेख नाचताना दिसतील. म्हणून टाचणी नेहमी सेन्सरच्या अगदी जवळच्या कपलरमध्ये लावा आणि पहिली तपासणी पेट्रोलवर करा. ‘गॅसचे प्रमाण वेगळे, म्हणून हा सेन्सर गॅसवर चालत नाही’ असे जे ऐकू येते ते बरोबर नाही. पेट्रोलला हवेचे नेमके प्रमाण १४.७ आणि सीएनजीला सुमारे १७.२ असले तरी सेन्सर प्रमाण मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. तो दोन्हीकडे नेमक्या मिश्रणालाच उडी मारतो.

ई-२० बद्दलही हेच. शुद्ध पेट्रोलला १ किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई-१० ला सुमारे १४.१, ई-२० ला सुमारे १३.५. म्हणजे ई-१० वरून ई-२० वर जाताना इंजेक्टरला साधारण चार टक्के जास्त इंधन सोडावे लागते. सेन्सर जिवंत असेल तर ईसीएम एवढी दुरुस्ती सहज करतो. सेन्सर मेलेला किंवा डुलक्या घेणारा असेल तर ती दुरुस्ती होत नाही, इंजिन लीन पळते, पिकअप खेचल्यासारखे होते. रबरी नळ्या आणि सील इथेनॉलने खराब होतात का, हा वेगळा प्रश्न आहे आणि जुन्या गाड्यांत तो खरा आहे. पण ई-२० भरल्यापासून गाडी झटके खाते म्हणणाऱ्याने आधी सेन्सरचा झोका बघावा.

स्कॅनर असेल तर पुष्कळ वेळ वाचतो. सुझुकीच्या जुन्या पद्धतीत डायग्नोसिसचा कपलर जोडला की चेक लाइट लुकलुकून आकडे देतो: १२ म्हणजे कोड नाही, १३ म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. बीएस-४ (भारत स्टेज-४ प्रदूषण मानकाच्या) गाड्यांत एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची पद्धत, सक्तीची झाली, तिथे स्कॅनरवर पी ०१३० ते पी ०१३५ हे कोड सेन्सरचे. पण सगळे सारखे नाहीत. पी ०१३५ हीटरचा आहे, तिथे फ्यूज बघायचा. पी ०१३३ मंदपणाचा. पी ०१३१ म्हणजे सतत कमी व्होल्टेज, ते लीकमुळेही येते. पी ०१७१ आणि पी ०१७२ तर सेन्सरचे कोडच नव्हेत, ते सेन्सरने केलेली तक्रार आहेत, लीन आणि रिच मिश्रणाची. या दोन कोडवर सेन्सर बदलणारे महाभाग कमी नाहीत. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतो-कमी करतो तो आकडा) दिसत असेल तर ती स्लोला आणि २५०० ला, दोन्हीकडे लिहून ठेवा. उणे-अधिक दहा टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही. स्लोला +२० आणि २५०० ला +४ असेल तर व्हॅक्यूमची नळी किंवा इनटेकचे गॅस्केट लीक. उलटे, म्हणजे स्लोला ठीक आणि रेस दिल्यावर वाढत जात असेल, तर पेट्रोल कमी पोचते आहे: फिल्टर तुंबला किंवा पंप थकला.

ज्या व्हॅनला कॅटकॉननंतर (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतर) दुसरा सेन्सर आहे, त्याचा आकडा मात्र जवळजवळ स्थिर, ०.६ ते ०.७ च्या आसपास हवा. तो पहिल्यासारखाच नाचत असेल तर कॅटकॉन संपला. मग त्या सेन्सरखाली लांब नट घालून किंवा वायरीत रेझिस्टर टाकून चेक लाइट विझवण्याचे उद्योग होतात. दिवा विझतो. धूर तेवढाच राहतो.

पीयूसीचा कागदही वाचायला शिकले पाहिजे. बहुतेक जण फक्त तारीख बघतात. बीएस-२ आणि बीएस-३ व्हॅनला स्लोवर सीओ ०.५ टक्के आणि एचसी (न जळलेले इंधन) ७५० पीपीएमची मर्यादा आहे. बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम, शिवाय सुमारे २५०० आरपीएमवर लॅम्डा (मिश्रणाचा आकडा, नेमके मिश्रण म्हणजे १) ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान हवा. सीओ जास्त आणि लॅम्डा ०.९७ च्या खाली म्हणजे इंजिन खरोखर रिच. सीओ कमी पण एचसी खूप म्हणजे प्लग, वायर किंवा कॉइल मिस मारते आहे. इथे सेन्सर बदलून काडीचा उपयोग नाही. सीओही जास्त आणि लॅम्डाही १.०३ च्या वर, हे दोन एकत्र आले तर सायलेन्सरच्या वाटेत कुठेतरी हवा शिरते आहे किंवा पीयूसीवाल्याने नळी पुरेशी आत घातलेली नाही. गाडी दहा-पंधरा मिनिटे पळवून, गरम करूनच चाचणीला न्यावी. थंड गाडी कॅटकॉन तापलेला नसल्याने विनाकारण नापास होते.

आणि सेन्सर खरोखर बदलायचाच झाला तर? हीटरवाला सेन्सर साधारण दीड लाख किलोमीटरनंतर मंदावू लागतो, एकवायरी त्याच्या निम्म्यात. जुना काढताना इंजिन कोमट असावे, आट्यांवर आदल्या रात्री सुटे करण्याचे तेल मारून ठेवावे. बहुतेक सेन्सरना २२ मिमीचा पाना लागतो. वायर जाण्यासाठी खाच असलेला सॉकेट मिळतो, तो घ्या, साध्या पान्याने कडा गोल होतात. नव्याच्या आट्यांना, ते जाम होऊ नयेत म्हणून, बहुधा पेस्ट लावूनच येते. नसेल तर थोडीशी आट्यांवर, टोकाला अजिबात नाही. वॉशर नवी, आणि सुमारे ४५ न्यूटन-मीटरला आवळा. दोन हातांनी पाना लावून लटकायची गरज नाही. वायर बसवताना पीळ पडू देऊ नका आणि ती पाइपापासून लांब क्लिपात अडकवा. नंतर बॅटरीची निगेटिव्ह काही मिनिटे काढून ठेवा किंवा स्कॅनरने जुनी ट्रिम पुसा, नाहीतर ईसीएम जुन्या सवयीने काही दिवस पेट्रोल ओतत राहतो.

आमची विनंती गॅरेजवाल्यांना आणि गाडीमालकांना, दोघांना आहे. सेन्सर बदलण्याआधी चार आकडे कागदावर यायला हवेत: हीटरचे ओहम, २५०० आरपीएमवर सर्वांत कमी व सर्वांत जास्त व्होल्ट, दहा सेकंदांतले झोके, आणि रिच-लीन ढकलल्यावर आलेला प्रतिसाद. बिलावर एक ओळ पुरे, उदाहरणार्थ ‘हीटर ६ ओहम, ०.१०–०.१५, झोके शून्य, कार्ब-क्लीनरला प्रतिसाद नाही’. एवढे लिहिलेले असेल तर मालकाला पैसे देताना वाईट वाटत नाही आणि मेस्त्रीला पंधरा दिवसांनी मान खाली घालावी लागत नाही. काढलेला जुना सेन्सर बिलासोबत मालकाच्या हातात द्यावा. शाळेच्या व्हॅन जूनमध्ये पुन्हा रस्त्यावर येण्याआधी मे महिन्यात मॅनिफोल्डच्या लीकची तपासणी मात्र सेन्सर चांगला असो वा वाईट, प्रत्येकाने करून घ्यावी.

आपले,
व्हॅन व टेम्पोच्या इंजिनांची कामे करणारे काही कारागीर,
पुणे